सहवासाचा परवाना आणि उपजीविकेचा अधिकार



निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय छापलेला पाहून एका स्नेह्यांनी मला विचारले, की कापसाला भाव नाही, तरुणांना नोकरी नाही, अशा जिल्ह्यात उभे राहून परदेशी सुनांच्या आणि परदेशी जावयांच्या रोजगाराची चिंता वाहण्याचे तुम्हांस कारणच काय? प्रश्न रास्त आहे. आणि त्याचे उत्तर असे, की परक्या भूमीत संसार थाटणाऱ्याला त्या भूमीत कष्ट करून भाकरी मिळविण्याचा अधिकार असावा की नसावा, हा प्रश्न ज्या दोन घरांच्या कथेतून मला प्रथम उमगला, त्यांपैकी एका घराचा कर्ता याच वर्धा गावात जन्मला आणि दुसऱ्या घराने आपले उमेदीचे आयुष्य याच मातीत वेचले.

पहिले घर पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. वर्ध्याच्या एका अर्जनवीसाचा हा मुलगा अमेरिकेत शेतकी शिकण्यास गेला, गदर पक्षाच्या उठावात शिरला, पहिल्या महायुद्धात इराणच्या रणभूमीवर इंग्रजांविरुद्ध लढला, आणि बर्लिन व मॉस्को पालथे घालून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोहोचला, तेव्हा त्याच्यापाशी मायदेशाची परवानगी नव्हती, की कोणा बड्या सरकारचे संरक्षण नव्हते. होती ती मेक्सिकन क्रांतिकारकांशी पूर्वी अमेरिकेत जडलेली मैत्री, आणि शेतीचे ज्ञान. तेवढ्या भांडवलावर चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले; मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले; गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या; आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या चित्रात त्यांना भाकरी मोडून देणाऱ्याचे स्थान दिले. १९३६ साली त्यांनी जान सिंडिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. वर्ध्याचा वर, बेल्जियमची वधू आणि मेक्सिकोत संसार! तिहींपैकी कोणत्या देशाच्या कायद्याने हे घर आपले म्हणावे, हा पेच एखाद्या निष्णात वकिलालाही सहज सुटला नसता. परंतु घर चालले, कारण घरातील माणसाला काम करण्यास मज्जाव नव्हता.

मज्जाव झाला तो पुढे, आणि तोही स्वदेशाकडून. १९४९ साली हिंदुस्थानात येण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज प्रथम नामंजूर झाला, कारण इंग्रजांनी तयार केलेल्या काळ्या यादीतून त्यांचे नाव स्वतंत्र भारताच्या दफ्तरातही कमी झालेले नव्हते. अर्जनवीसाच्या मुलाचाच अर्ज फेटाळला जावा, हा दैवाचा विनोद म्हणावा की दफ्तराचा, ते श्रोत्यांनी ठरवावे. तो हुकूम पुढे फिरला. १९५० नंतरच्या दशकात हे कुटुंब नागपुरास आले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे तेथेच निवर्तले.

दुसरे घर सेवाग्रामचे. एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम् हे सिलोनचे तमिळ ख्रिस्ती गृहस्थ, आणि त्यांच्या पत्नी आशादेवी या बंगाली. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या छायेत काम केलेले हे दांपत्य वर्ध्यास आले. १९३७ च्या ऑक्टोबरात येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून जी झाकिर हुसेन समिती निर्माण झाली, तिचे निमंत्रक आर्यनायकम् होते. आणि हिंदुस्थानी तालीमी संघाचे मंत्रिपद त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. नई तालीम म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, आणि त्या शिक्षणाचा कारभार एका परदेशी जावयाच्या हाती! सिलोन आणि हिंदुस्थान या दोहोंवर एकच राजमुकुट असल्यामुळे त्या काळी त्यांच्या कामाच्या परवान्याचा प्रश्नच निघाला नाही. आणि प्रजासत्ताकाची घटना अमलात आली तेव्हा, येथे अधिवास करून पाच वर्षे सतत राहिलेल्या माणसाला पाचव्या अनुच्छेदाने नागरिकत्वाचे दार उघडे ठेवले होते.

तथापि तेच आर्यनायकम् दहा-वीस वर्षे उशिरा आले असते तर? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील पाचव्या कलमाने भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व घेण्याची मुभा दिली. भारतीय स्त्रीशी विवाह करणाऱ्या पुरुषाला मात्र विवाहाच्या आधारे ती दिली नाही. सून घरची होते, जावई पाहुणाच राहतो, ही आपल्या ओसरीवरील समजूत संसदेने जशीच्या तशी कायद्यात उतरवली, असे मला वाटते. १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ काढून ‘व्यक्ती’ घातले, तेव्हा कोठे हा दोष गेला. आशादेवींना १९५४ साली पद्मश्री देणाऱ्या राज्याने, त्यांच्यासारखा विवाह करणाऱ्या पुढच्या मुलींच्या पतींसाठी तीस वर्षे हे दार बंद ठेवावे, यात विसंगती नाही असे कोण म्हणेल?

अर्थात हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेने १९०७ च्या कायद्याने परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या आपल्याच कन्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते. १९२२ साली ही चूक अंशतः सुधारली, परंतु नागरिकत्वास ‘अपात्र’ ठरलेल्या परकीयाशी लग्न करणारीला सवलत नव्हती. आणि लगेच १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला त्या अपात्रांच्या रांगेत बसविले. म्हणजे हिंदी माणसाशी लग्न केले की अमेरिकन स्त्री स्वतःच्या गावात परकी! हा अन्याय १९३१ पर्यंत टिकला.

आज काय स्थिती आहे? ब्रिटनमध्ये नागरिकाच्या जोडीदाराला प्रवेशासोबतच काम करण्याचा हक्क मिळतो. मात्र प्रवेशासाठीच वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे. जपानमध्ये जोडीदाराच्या कामावर निर्बंध नाही. सिंगापुरात वेगळे संमतिपत्र लागते. आणि आपल्याकडे? विवाहाच्या आधारे नागरिकत्व घेण्यासाठी अर्जापूर्वी येथे सात वर्षांचे वास्तव्य लागते. त्याआधी परदेशी जोडीदाराला ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड मिळू शकते, परंतु विवाह नोंदलेला असून अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो; पाकिस्तान आणि बांगलादेश येथील व्यक्तींना तेही मिळत नाही. या कार्डावर परदेशी सून डॉक्टर, परिचारिका, वकील किंवा वास्तुविशारद म्हणून, त्या त्या व्यवसायाच्या कायद्यास अनुसरून, काम करू शकते, पण वृत्तपत्रासाठी बातमी लिहावयाची किंवा संशोधन करावयाचे तर तिने आधी सरकारची परवानगी काढली पाहिजे. सरकारी नोकरीतील समान संधीवर तिचा हक्क नाही. शेतजमीन तिला विकत घेता येत नाही. खानखोज्यांसारख्या कृषिशास्त्रज्ञाच्या घरातील परदेशी गृहिणीला वर्धा नदीच्या काठी एक एकर कापसाची जमीन घेता येऊ नये, याचा विचार करून पाहा. आणि न्यायालयाने विवाह विसर्जित केला की हे कार्ड रद्द करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. मग पतीच्या घरी कितीही छळ होवो, घटस्फोटाचा अर्ज करताना त्या स्त्रीच्या मनात प्रथम पोटाचा प्रश्न येईल आणि न्यायाचा मागाहून.

प्रतिपक्षाचे म्हणणे मी जाणून आहे. केवळ प्रवेश मिळविण्यासाठी खोटी लग्ने लागतात, म्हणून राज्याने सावध असावे, हे मला मान्यच आहे. अमेरिकेने १९८६ पासून नव्या विवाहावर दोन वर्षांचा सशर्त निवास ठेवला तो याच भयाने. परंतु तेथे त्या दोन वर्षांत विवाहाची पारख चालू असताना माणूस कामही करू शकतो. शंका कागदावर राहते, चूल बंद पडत नाही. आपणही चौकशी करावी, पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत नोंदणी करवावी, दाखले तपासावेत. मात्र विवाह नोंदला त्या दिवसापासून उपजीविकेचा अधिकार द्यावा, आणि घटस्फोटाने तो हिरावून घेऊ नये. संशयाचे ओझे राज्याने आपल्या शिरावर वाहावे. ते एका परक्या देशातून आलेल्या, अजून मराठीही न बोलणाऱ्या मुलीच्या शिरावर ठेवू नये.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक व्यवहाराची गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. पुष्कळ घरांत असा विवाह वैदिक पद्धतीने किंवा चर्चमध्ये थाटाने लागतो, छायाचित्रे निघतात, आणि नोंदणी मात्र ‘पुढे पाहू’ म्हणून राहून जाते. विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह करावयाचा तर तीस दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर लागते, हे गृहीत धरून आधीच तारखा ठरवाव्यात. आपल्या मुलाने वा मुलीने परदेशी जोडीदार निवडला असेल, तर मांडव उतरण्यापूर्वी नोंदणीचा दाखला हाती घ्या. त्याच्याविना पुढचा एकही अर्ज दाखल होत नाही.