रांग वळते तेव्हा

स्वागताध्यक्ष, अकोल्याहून खोक्यांत जहाजं जपत आणलेले मित्र आणि खेळगडी हो,

ज्याने लहानपणी पूर्णेच्या पुराहून मोठं पाणी पाहिलं नाही, त्याला तुम्ही आरमारी खेळांच्या या बैठकीचा अध्यक्ष केलंत. आभार मानतो आणि मुद्द्यावर येतो. आपल्या टेबलावर तोफांचे नियम काटेकोर पाळले जातात. पण सहा जहाजं एकत्र हलवायची वेळ आली, की पहिलं मोजपट्टीने सरकतं आणि मागची पाच बोटाने ढकलली जातात. माझी तक्रार त्या बोटाबद्दल आहे.

रांग दोन तऱ्हांनी वळते. पहिली तऱ्हा कास्तकाराला शिकवायला नको. जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बंड्यांत पहिला धुरकरी ज्या बाभळीपाशी वळतो, तिथेच मागचे सगळे वळतात. रांग शाबूत राहते. पण शत्रूने त्या बाभळीवर तोफा रोखल्या, तर एकेक जहाज आयतं तोंडाशी येतं. दुसरी तऱ्हा अमरावतीकरांनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर पाहिली आहे : हुकूम सुटला की सगळे जागच्या जागी वळतात. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत ॲडमिरल शेअर यांच्या जर्मन आरमाराने अशीच पाठ फिरवली. तेही शेपटाकडून! सर्वांत मागचं जहाज आधी वळू लागलं, ते पाहून त्याच्या पुढचं. पुढच्याने घाई केली असती, तर ते मागच्याच्या वाटेत आलं असतं.

बंड्यांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी चालत असताना एकमेकींकडे वळल्या, तर काय होतं? जू जुवात अडकतं. 22 जून 1893 रोजी ब्रिटिशांच्या भूमध्य आरमाराचं हेच झालं. व्हाइस ॲडमिरल ट्रायन यांनी दोन्ही रांगांना आतल्या बाजूने वळायला सांगितलं. मधलं अंतर सुमारे 1,100 मीटर. आघाडीच्या दोन जहाजांना नेहमीच्या सुकाणूने वळायला मिळून 1,400 मीटरांहून जास्त जागा हवी होती. हिशेब इतका सोपा होता, तरी हुकूम पाळला गेला. ‘कॅम्परडाउन’ ‘व्हिक्टोरिया’च्या कुशीत घुसलं आणि ट्रायन यांच्यासह 358 माणसं गेली. टेबलावर अशा वेळी आपण जहाज हळूच उचलून बाजूला ठेवतो. समुद्रात ती सोय नाही.

आणि आपल्या खांदेरीचं काय? 18 ऑक्टोबर 1679 रोजी त्या बेटापाशी मराठा आरमाराच्या दौलतखानाची गलबतं इंग्रजांवर चालून गेली. ‘डव्ह’ गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ झुंजत राहिलं. वारा पडला की शिडाचं जहाज जागीच डुलतं, वल्ह्यांचं गलबत मात्र हवं तिकडे तोंड फिरवतं. अशा झुंडीला पोलादी जहाजांच्या रांगेचे नियम लावले, तर मराठी बाजू पहिल्याच फेरीत हरते आणि दोष दौलतखानाला लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : व्यूह कसा हलेल हे दोन गोष्टी ठरवतात. जहाजाला काय हाकतं, आणि हुकूम कुठवर दिसतो. खेळणारा वरून सगळा समुद्र पाहतो. कप्तानाला पुढचं जहाज, धूर आणि झेंडा दिसला तर दिसला. तेव्हा हुकूम फेरीआधी लिहावा आणि तो एक फेरी उशिरा लागू करावा. रांगेचा वेग सर्वांत मंद जहाजाचा धरावा. वळण्याआधी वळणाच्या मापाची पुठ्ठ्याची चकती ठेवावी. गलबतांना मात्र म्होरक्यापासून वीतभर अंतरात मोकळं सोडावं.

दुपारी खांदेरी मांडली आहे. कागद-पेन्सिल प्रत्येकाच्या जागेवर आहे. हुकूम लिहा, चकती ठेवा, आणि बोट खिशात ठेवा.