श्रद्धेची सोबत
(मंडळाच्या वर्धापनदिनी सास्तूर येथे केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केलेत आणि विषयही तुम्हीच दिलात. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर सहा-सात ख्रिस्ती बायका जमतात. त्यांना मी काय शिकवते, असे पुष्कळजणी विचारतात. खरे सांगायचे तर शिकवण्यापेक्षा मी तेथे शिकलेच अधिक, आणि पहिला धडा चुकून शिकले. तोच आज सांगते. तुमच्यापैकी कोणी भजनी मंडळ चालवते, कोणाच्या हाती बचत गट आहे. तेव्हा हे बोलणे केवळ आमच्या घरचे राहणार नाही, अशी आशा आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या गावाला समजावून सांगायला नको. गणपती बोळवून लोक निजले होते. चार वाजायच्या आत दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. किल्लारीपासून आपल्या सास्तूरपर्यंत घराघरांत मृत्यू शिरला. मागे उरलो ते पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागलो. आमची बैठकही तेथेच भरे. मी तेव्हा तिशीतली. चार पुस्तके वाचलेली, म्हणून पुढारीपण माझ्याकडे आले होते.

आमच्यातल्या एका बाईची दोन लेकरे गेली होती. एके दिवशी तिने भर बैठकीत मला विचारले, "अक्का, त्या राती देव कुठं व्हता?" मला वाटले, उत्तर देणे हे माझे कामच आहे. मी पवित्र शास्त्र उघडले, तीन ठिकाणची वचने वाचली, दुःखामागचा हेतू समजावून सांगितला. तिने मुकाट्याने ऐकले, "बरं" म्हणाली आणि पुढचे तीन गुरुवार आली नाही.

बैठकीत एक वयस्कर मावशी होत्या. त्यांना अक्षर येत नव्हते. त्या रोज दुपारी त्या बाईच्या शेडमध्ये जात, टँकरचे पाणी भरून ठेवीत आणि सुपात ज्वारी घेऊन निवडत बसत. देवाचे नावही काढीत नसत. ती रडली तर रडू देत. लेकरांच्या गोष्टी सांगू लागली तर हुंकार देत. मी एकदा विचारले, "मावशी, तुम्ही तिला काय समजावता?" त्या म्हणाल्या, "म्या काय समजावू? मलाबी कळंना झालंय. पर तिनं एकटीनं बसू नये." थंडी पडू लागली तेव्हा ती बाई आपण होऊन बैठकीला आली आणि मावशींच्या शेजारी बसली.

त्या रात्री मी ईयोबाचे पुस्तक पुन्हा वाचले. मुलेबाळे आणि गुरेढोरे गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री न बोलता बसले. तेवढेच त्यांनी नीट केले. मग तोंड उघडून दुःखाची कारणे सांगू लागले, तेथून ते चुकत गेले. शेवटी देवाने दोष दिला तो त्यांनाच. हे पुस्तक मी कितीदा तरी वाचले होते. पण मी त्या मित्रांच्याच पंगतीत बसले आहे, हे मावशींमुळे उमगले.

आमच्या घरांत टिळक पतिपत्नींची गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. त्यांचे सोवळे त्यांना पाळू दिले. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्याच मनाशी सोडवला आणि १९०० साली आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले ते याच बाईंनी. ओढून आणलेले माणूस मागे मागे चालते. स्वतः चालत आलेले पुढचे काम उचलते.

कोणी म्हणेल, मग पुढारणीने नुसते गप्पच बसायचे काय? तसे नाही. इफिस शहरात अपुल्लो नावाचा एक मोठा वक्ता होता. त्याचे ज्ञान अपुरे होते. तंबू करण्याचा धंदा करणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला चारचौघांत खोडून काढले नाही. त्याला आपल्याकडे नेले आणि मार्ग अधिक नीट समजावून दिला. चूक दाखवायची ती अशी, घरच्या मायेने.

शिवाय जे सांगायचे ते ऐकणारीच्या बोलीत हवे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या शेकडो अनाथ मुलींना आसरा दिला. त्या स्वतः संस्कृतच्या पंडिता. तरी अशा बायकामुलींना कळावे म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. एवढी विदुषी सोप्या भाषेसाठी इतके कष्ट घेते, तर आपण जड शब्दांचा तोरा का मिरवावा?

तेव्हापासून आमच्या बैठकीची रीत बदलली. आधी प्रत्येकीने आठवडा कसा गेला ते सांगायचे, वचन त्यानंतर. वाचायची पाळी सर्वांची; जिला वाचता येत नाही तिने गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. बैठकीत ऐकलेले नळावर न्यायचे नाही. ठाऊक नसेल तेथे "मला ठाऊक नाही" असे सरळ म्हणायचे. आणि एक गोष्ट कटाक्षाची: अडल्यानडल्याला दिलेल्या धान्याला किंवा औषधाला श्रद्धेची अट लावायची नाही. भुकेल्याचा होकार हा होकार नव्हे.

मावशी आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात गावातल्या एका तरुण सुनेवर दुःखाचा प्रसंग आला. ती आमच्या बैठकीतली नव्हे, आमच्या धर्मातलीही नव्हे. मी जाण्यासाठी चपला घालते आहे तोच पाहिले, ती लेकरे गमावलेली बाई सूप काखेला लावून माझ्याआधीच निघाली होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला अजून मिळालेले नाही, मलाही नाही. पण कोणाजवळ कसे बसावे, हे तिला माझ्याहून चांगले कळते. आता गुरुवारची बैठक पुष्कळदा तीच चालवते, आणि मी ऐकायला बसते.