कुजक्या वांग्याखालचा विषाणू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी वर्गात ग्राम रंजनाचा प्रयोग होतो, तेव्हा उत्तर बहुधा जर्नलमध्ये आधीच उतरलेले असते. पिट्सबर्ग विद्यापीठाचे प्रा. ग्रॅहम हॅटफुल यांनी निराळी वाट धरली. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या साहाय्याने २००८ साली सुरू झालेल्या उपक्रमात प्रथम वर्षाचा विद्यार्थी अंगणातील माती आणतो, तीतून जिवाणुभक्षक विषाणू वेगळा करतो आणि त्याचे नामकरणही स्वतःच करतो. पेट्री डिशमधील जिवाणूंच्या थरात स्वच्छ ठिपके उमटले की शोध लागला! उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते. गोडी आहे ती तिथेच.

२०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्याच्या खालच्या बाजूस ‘मडी’ नावाचा विषाणू गवसला. पुढे लंडनमध्ये फुफ्फुसांचे प्रत्यारोपण झालेल्या एका किशोरवयीन मुलीचा संसर्ग प्रतिजैविकांना दाद देईना. २०१८ मध्ये तिला दिलेल्या तीन विषाणूंच्या मिश्रणात ‘मडी’ होता. तिच्या जखमा भरू लागल्या.

माती, अगार, गाळणी आणि इन्क्युबेटर तालुक्याच्या महाविद्यालयातही मिळू शकतात. अशा शोधाला परीक्षेत गुण कसे द्यावेत, एवढे विद्यापीठांनी ठरवायचे आहे.