नोकरी, प्रबंध आणि घर

नीरेच्या कालव्याकांठच्या पणदरे गांवासारख्या ठिकाणचा एखादा मुलगा शिकून पुण्यामुंबईस नोकरीला लागला म्हणजे घरचीं माणसें निश्चिंत होतात. अशा मुलानें एके दिवशीं ‘नोकरी सोडून पीएच.डी. करतों’ असें म्हटलें, तर घरांत कोणता प्रश्न उभा राहतो? विद्येचा नव्हे, महिन्याच्या पहिल्या तारखेचा!

डॉ. भीमराव आंबेडकर यांच्यापुढें हाच प्रश्न आला होता. १९१६ सालीं ते लंडनमध्यें अर्थशास्त्राच्या अभ्यासास बसले. परंतु बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ त अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. चार वर्षांच्या आंत तो पुन्हा सुरू करण्याची परवानगी मात्र त्यांनीं मिळविली होती. नोव्हेंबर १९१८ त ते मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये; त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. तरीही बिऱ्हाड परळच्या चाळींतच राहिलें. ठराविक रक्कम रमाबाईंच्या हातीं द्यावी आणि उरेल ती लंडनसाठीं राखावी, असा हिशेब चालला.

मार्च १९२० त त्यांनीं राजीनामा दिला. शिल्लक अपुरी होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साह्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें ५००० रुपये कर्जाऊ दिले. लंडनमध्यें अर्धपोटीं राहून ते ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत दिवसभर वाचीत. प्रबंधाचा विषय होता रुपयाच्या चलनाचा. १९२२ त प्रबंध सादर झाला, पण परीक्षकांनीं तो सुधारून मागितला. पैसा सरला होता. १९२३ च्या एप्रिलांत ते मुंबईस आले, सुधारलेला प्रबंध येथून धाडला, आणि त्याच वर्षीं डी.एस्सी. ही पदवी त्यांना मिळाली.

निश्चित विषय, ठरलेली मुदत, गांठीला पैसा आणि अडचणीला धांवणारा मित्र, एवढें जमवूनहि हिशेब तोकडा पडला. तो तोकडेपणा कोणी भरून काढला? मुंबईंत ओढगस्तीचा संसार रेटणाऱ्या रमाबाईंनीं. त्यांच्या नांवापुढें मात्र कोणतीहि पदवी लागली नाहीं.

म्हणून नोकरी सोडूं पाहणारानें राजीनामा लिहिण्यापूर्वीं जमाखर्च मांडावा, आणि तो घर चालविणारीला समोर बसवून मांडावा. आंकडे जुळले नाहींत, तर आणखी वर्ष-दोन वर्षें शिल्लक टाकावी. विद्येची ओढ खरी असेल, तर तेवढ्यानें ती आटत नाहीं.