रिकाम्या पिस्तुलाचे आठ दिवस

मी सातवी शिकलेली. पाहिले तेच सांगते. २०१८ साली आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आमच्या धाकटीने नेमबाजीचा हट्ट धरला.

पहिल्या वर्गात पहिल्याच दिवशी भरलेले एअर पिस्तूल हातात दिले. शेजारची मुलगी काही विचारायला पिस्तुलासकट वळली, नळी थेट माझ्या पोरीच्या छातीवर! मास्तर नुसते हसले. तीन महिन्यांची फी बुडाली, ह्यांची बोलणी खाल्ली, पण पुन्हा पाठवले नाही.

दुसरीकडे मी आधी तासभर बाकावर बसून पाहिले. नळी सदा लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. ‘थांबा’ म्हणताच सगळी पिस्तुले खाली. आठ दिवस छर्रा दिलाच नाही! मला मेले पैसे वाया गेलेसे वाटले. पण दहा मीटरवरचे मधले वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे. हात हलला की गेले. घरी ती पाण्याची बाटली हात लांब करून धरी, आणि रोज काय चुकले ते वहीत लिही.

गेल्या महिन्यापासून मीही जाते. सासूबाई विचारतात, “कुणाला मारणार आहेस गं?”