वाय-फायचं कुलूप आणि पाकिटाची लाख
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, सगळ्यांच्या उपयोगाचं काही सांग." म्हणून वाय-फायबद्दल बोलते.

लहानपणी आकाशवाणी परभणी नांदेडलाही ऐकू यायची आणि लातूरलाही. ज्याच्या घरी रेडिओ, त्याने ऐकावं. वाय-फाय म्हणजेही रेडिओलहरीच. दवाखान्याच्या भिंतीशी त्या थांबत नाहीत, रस्त्यापर्यंत पोचतात.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या असुरक्षित वाय-फायवरून गेला होता. चौकशी झाली ती त्याची. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्कही असंच वापरलं गेलं.

आज आपल्यात कुणाचा नांदेडला दवाखाना आहे, कुणाचे लातूरला क्लासेस. रुग्णांचे रिपोर्ट, मुलांची आधार कार्डं, सराव परीक्षेचे पेपर, सगळं वाय-फायवरून जातं. आणि पासवर्ड? काउंटरवर चिकटवलेला! घरगुती डब्ल्यूपीए-२ पद्धतीत सगळ्यांना पासवर्ड एकच असतो. तो ठाऊक असलेल्याने तुमचा फोन नेटवर्कला जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, तर वाय-फायचं सांकेतिक रूप त्याला उलगडता येतं.

म्हणून राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ असेल तर तेच निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि लांब पासवर्ड. डब्ल्यूईपी नकोच, ती २००१ मध्येच फोडली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेगळं 'गेस्ट' नेटवर्क द्या. राउटरच्या सेटिंग्जचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदला.

पण एवढ्याने भागत नाही. वाय-फायचं कुलूप राउटरपर्यंतच असतं, पुढचा प्रवास मोठा आहे. आपल्या सरांनी बोर्डाचे पेपर कसे सांभाळले ते आठवा. कपाटाला कुलूप होतंच, तरी पाकीटही सीलबंद असायचं. तसंच, गोपनीय फाइलला स्वतःचा पासवर्ड घालून मगच ती पाठवा आणि तो पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगा.

रुग्ण आणि विद्यार्थी विश्वासाने आपल्या हाती कागद देतात. ते कुठल्या वाटेने गेले, हे त्यांना कधीच कळत नाही. ते पाहणं आपलं काम.

जेवणानंतर मी इथेच आहे. ज्यांना आपल्या राउटरबद्दल विचारायचं असेल त्यांनी जरूर या.