हाताला सापडणारे घर



या मांडवात गेले काही दिवस राज्यघटना, संतवाङ्मय, अवकाशयाने अशा थोर विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पाठोपाठ आज आम्ही आपल्यापुढे उभे आहोत ते फडताळ, खुंट्या आणि डबे यांच्याविषयी बोलण्याकरिता. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो भीत भीतच सांगितला. पण ते म्हणाले, "घटनेची कलमे सर्वांना पाठ नसतात, पण काडेपेटी सर्वांच्याच घरात हरवते. तुम्ही बोला." तेव्हा या धाडसाचा निम्मा दोष त्यांच्या पदरात घालून आम्ही सुरुवात करतो.

आधी एक खुलासा. 'आम्ही' म्हणजे आम्ही नवराबायको. हे भाषण दोघांनी मिळून लिहिले आहे. वाचून दाखवण्याचे काम आमच्यापैकी ज्याचा आवाज अजून शाबूत आहे त्याच्या वाट्याला आले आहे.

हकीकत १९७३ सालची आहे. आमच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. १९७२ च्या दुष्काळाचे दिवस अजून सरले नव्हते. रेशनवर तांबडा मिलो मिळे आणि त्याची भाकरी थापताना हातातच तुटे. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसे होती पाच : नाना, आई, लग्नाची धाकटी बहीण आणि आम्ही दोघे. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. ते शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते.

प्रपंच या शब्दाचा मूळ अर्थच विस्तार, पसरणे असा आहे. आमचा प्रपंच त्या दोन खोल्यांत शब्दशः पसरला होता. कोनाड्यात औषधाच्या बाटल्यांशेजारी उदबत्त्या, माळ्यावर वळकट्यांखाली गव्हाचे पोते, दांडीवर पाच माणसांचे कपडे एकावर एक. नवे कपाट घेण्याची ऐपत नव्हती. मग आम्ही ठरवले, की आपले घर आपणच लावायचे आणि तेही शक्यतो पैसे न मोडता.

कोपऱ्यावरच्या वाण्याने दोन देवदारी खोकी फुकट दिली. पकडीने त्यांचे खिळे काढले, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले, फळ्या काचकागदाने घासल्या. मोठ्या खोक्यात मध्ये एक फळी बसवून डब्यांचे फडताळ केले, आणि लहान खोक्याला जुन्या पातळाचा पडदा लावून कपड्यांचे. फडताळ जमिनीवर टेकू दिले नाही; चार विटांवर चढवले आणि भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले. जुन्या वाड्यात ओल आणि वाळवी भिंतीकडूनच येतात. मातीच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही, म्हणून आधी लाकडाचा तुकडा घट्ट ठोकून त्यात खिळा मारला आणि नव्या खुंट्या केल्या. जाड जुन्या चादरीला कप्पे शिवून ती भिंतीला टांगली. त्यात कात्री, फणी, पत्रे, पेन्सिली. डालडाचे रिकामे पिवळे डबे घासूनपुसून डाळींना दिले. रविवारी संध्याकाळपर्यंत घर असे दिसू लागले, की शेजारच्या काकू दोनदा येऊन पाहून गेल्या. आम्हांला आमचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान मंगळवारी पहाटे उतरला.

नाना अंधारातच उठत आणि चूळ भरायला कोपऱ्यातला तांब्या घेत. ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. त्या कोपऱ्यात आम्ही आता स्टोव्ह मांडला होता, कारण तिथे तो नीटस दिसत होता. आईने त्यावर चहाचे आधण ठेवले होते आणि ती दूध आणायला दारापर्यंत गेली होती. नानांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला. पातेले कलंडले आणि उकळते पाणी मनगटापर्यंत गेले.

हात गार पाण्यात धरला, डॉक्टरांकडे नेले. हाताचे पाहून झाल्यावर डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, एवढा पेटता स्टोव्ह तुम्हांला दिसला नाही?" नाना काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी आपले बोट त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूने हळूहळू समोर आणले. ते जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत नानांना दिसले नाही.

तो काचबिंदू निघाला. या रोगात बहुधा काही दुखत नाही. नजर कडेने हळूहळू खात खात आत येते. समोरचे बराच काळ दिसत राहते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. मात्र वेळेवर औषध सुरू झाले तर उरलेली बहुतेक राखता येते. नानांना दोन वर्षांपासून कळत होते. उंबऱ्याला ठेच लागे, बाजूने आलेली सायकल अंगावर येईपर्यंत दिसत नसे. त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. का, असे विचारल्यावर म्हणाले, "पोरीचे लग्न व्हायचे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांचा खर्च कशाला काढायचा?"

बंधुभगिनींनो, काटकसरीवर बोलायला उभे राहिलेल्या माणसांनी ही गोष्ट लपवून ठेवणे योग्य नाही. आमच्या घरातली सर्वांत महाग पडलेली काटकसर ती होती. पैसा वाचवायचा तो खिळ्यांत, फळ्यांत, चिंध्यांत, शरीरात नव्हे. चाळिशी उलटल्यावर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर अवश्य घ्यावा, एवढे एकच वाक्य आपण या व्याख्यानातून घरी नेलेत तरी आमचे काम झाले.

पण नानांचे पुढचे वाक्य आम्हांला अधिक लागले. ते म्हणाले, "मला डोळ्यांचे काही अडत नव्हते रे. घर हाताला पाठ होते. तुम्ही परवा ते पुसून टाकलेत."

आम्ही घर लावले होते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. वापरणाऱ्याच्या हाताचा विचार केला नव्हता.

मग घर दुसऱ्यांदा लावले. या वेळी मुकादम नाना होते. हाताला पट्टी बांधून ते मध्ये पाटावर बसले आणि प्रत्येक वस्तू कुठे जाईल ते सांगू लागले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "या घरात सर्वांत नीट लावलेली वस्तू कोणती?" आम्ही फडताळाकडे पाहिले. ते म्हणाले, "मिसळणाचा डबा. तुझी आई त्यात न पाहता हात घालते आणि मोहरीऐवजी मेथी कधी पडत नाही. वाट्यांची जागा ठरलेली आहे, आणि जे रोज लागते तेवढेच त्यात आहे. सगळे घर तसे करा."

त्या एका वाक्यावर आमचे पुढचे सारे काम उभे आहे. त्यातले जे आपल्याला आजही उपयोगी पडेल ते सांगतो.

पहिले, वस्तूची जागा ती जिथे वापरली जाते तिथे ठरवावी. चहा, साखर आणि गाळणे स्टोव्हजवळ. ताटे जेवायला बसतो तिथे. किल्ली दाराजवळच्या खुंटीवर. तांब्या आपल्या कोपऱ्यात परत गेला आणि स्टोव्ह भिंतीकडच्या जागी गेला.

दुसरे, उंची. रोज लागणारे आणि जड असलेले सर्व गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असावे. माळ्यावर फक्त वर्षाकाठी एकदा लागणारे जावे. स्टुलावर चढून जड डबा उतरवणे हा म्हातारपणी हाड मोडण्याचा खात्रीचा उपाय आहे.

तिसरे, खुणा. साखरेच्या डब्याला सुतळीची एक गाठ, चहाच्या डब्याला दोन, रव्याला तीन. मीठ चिनी मातीच्या बरणीत गेले. मिठाने पत्रा गंजतो, आणि बरणी हाताला वेगळीच लागते, म्हणजे दोन्ही कामे झाली. धुण्याचा सोडा स्वयंपाकाच्या फडताळातून कायमचा हद्दपार झाला. आणि रॉकेल पिण्याच्या बाटलीत कधीही भरायचे नाही, हा नियम झाला. आज घरोघरी रॉकेल नाही, पण फरशी पुसण्याचे औषध सरबताच्या बाटलीत ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. लहान मूल बाटली ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही.

चौथे, जुने आधी संपवायचे. नवी डाळ आली की डब्यात वरून ओतायची नाही. जुनी काढून, डबा पुसून, नवी खाली आणि जुनी वर. उन्हाळ्यात धान्याला ऊन दाखवून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, डाळीला एरंडेलाचा हात लावणे, हे आपल्या आयाबहिणींना आम्ही सांगायला नको. आम्ही त्यात एकच भर घातली : डब्यात तारखेची चिठ्ठी.

पाचवे, कागद. जन्माचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, सारे एका पत्र्याच्या पेटीत, आणि ती पेटी एका हाताने उचलता येईल एवढीच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले तेव्हा माणसांना घर सोडायला फार वेळ मिळाला नव्हता. आता कागदांच्या नकला फोनमध्येही ठेवता येतात; जरूर ठेवाव्या. पण पेटी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. ते एकट्या कर्त्या पुरुषाला ठाऊक असणे हा पुष्कळ घरांतला दोष आहे.

सहावे, आणि आम्हांला सर्वांत जड गेलेले. काटकसर म्हणजे साठवण नव्हे. फुटका कंदील, तुटका मोडा, दांडी नसलेली छत्री आम्ही 'कधीतरी लागेल' म्हणून जपत होतो. नानांनी फर्मान काढले, "एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत जिला हात लागला नाही, तिचे एक तर काहीतरी करा, नाही तर ती देऊन टाका." छत्रीच्या कापडाची पिशवी झाली. आईच्या विरलेल्या नऊवारींची दुपदरी गोधडी झाली. तिच्यासाठी विकत काय आणले म्हणाल, तर दोऱ्याची रिळे. उरल्या चिंध्यांची पायपुसणी झाली. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा अशा कापडी पिशव्या आमच्या घरी पुरून उरल्या.

हे शास्त्र फक्त आमच्याच वाड्यात जन्मले असे आम्ही म्हणत नाही. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातील कामगारांच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखले. ते जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. बाईला किती पावले टाकावी लागतात, हात कुठवर पोचतो, हे पाहून त्यात डब्यांची आणि ओट्याची जागा ठरवली होती. तशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. ते वाचले तेव्हा आम्हांला मौज वाटली. बसून स्वयंपाक करणारी आपली आजी चूल, मांडणी आणि पाण्याची कळशी हाताच्या अंतरावर ठेवी. तिने मोजपट्टी वापरली नाही, एवढाच फरक. मात्र आजीच्या घराचे कौतुक करताना तिच्या डोळ्यांत गेलेला चुलीचा धूर विसरू नये. जुन्यातले सोयीचे घ्यावे, सोसलेले घेऊ नये.

दुसऱ्यांदा घर लावून झाले त्याला महिना झाला असेल. नाना डोळ्यांत औषधाचे थेंब घालू लागले होते. एका पहाटे आम्ही जागे झालो तो स्टोव्हचा आवाज येत होता. आम्ही घाबरून उठलो. आईने दारातच हात आडवा धरून आम्हांला थांबवले. नाना आत चहा करीत होते. त्यांची बोटे डब्यांवरून फिरली, एक गाठ चाचपली, दोन गाठी चाचपल्या. पाच कप भरले गेले. दुसऱ्या कपात साखर थोडी जास्त पडली होती. पण आमच्यापैकी कुणी ते बोलले नाही.

त्यानंतर नाना अकरा वर्षे होते. शेवटची चार वर्षे त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळत होते. पण सकाळचा चहा त्यांचाच होता, बहिणीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. त्या चहाने त्यांना घरात ओझे होऊ दिले नाही. देवदारी खोक्यांची किंमत आम्ही त्या हिशेबात धरतो.

तो वाडा पडला. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. मुले दूर आहेत. आली की म्हणतात, हे डबे बदला, या सुतळ्या कशाला? आम्ही बदलत नाही. आमच्यापैकी एकाचे मोतीबिंदू निघाले आहेत आणि दुसरीचे गुडघे धरले आहेत. घर हाताला पाठ असण्याचे दिवस आता आमचे आहेत.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर दिवा लावण्यापूर्वी दोन मिनिटे अंधारात उभे राहा. पाण्याचा तांब्या, काडेपेटी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे औषध या तीन वस्तू हाताने शोधून पाहा. सापडल्या तर आमच्या व्याख्यानाची आपल्याला गरज नव्हती असे समजा. न सापडल्या तर उद्या रविवार आहे. एक पक्कड, एक काचकागद आणि एक जुने पातळ पुरे होईल. आणि काय कुठे ठेवायचे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पाटावर बसवून आधी विचारा.